तो बोलत होता, ती उठून गेली

पत्र थोडक्यात: नाशिकचे एक वाचक, वय ४२. शाळेत असताना केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) ही अमेरिकन कुस्ती बघत मोठे झाले. त्या पैलवानांच्या पत्त्यांचा कॅट अजून त्यांच्या कपाटात आहे. ११ वर्षांच्या मुलालाही हा नाद त्यांनीच लावला आणि आता बापलेक दर आठवड्याला नेटफ्लिक्सवर सामने बघतात. मध्यंतरी त्यांनी आणि पत्नीने मिळून ‘मिस्टर मॅकमहन’ ही सहा भागांची माहितीपट मालिका पाहिली. ज्याने ही कुस्ती जगभर नेली त्या व्हिन्स मॅकमहनची त्यात लांबलचक मुलाखत आहे. त्याच्या बालपणाचं ऐकताना वाचकांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच्या विनोदांवर ते हसले. शेवटच्या भागात स्त्रियांच्या तक्रारींचा विषय निघाला आणि पत्नी अर्ध्यावरच उठली. “तुला तो अजूनही आवडतो,” एवढंच म्हणाली. त्याला तीन आठवडे झाले, घरात तो विषय निघालेला नाही. दारातून डोकावणाऱ्या मुलाने विचारलं, “बाबा, तो खोटा व्हिलन होता की खरा?” वाचक विचारतात: मला तो आवडला हे चूक का? मुलाचं बघणं बंद करू का? माझं लहानपण खोट्या माणसाच्या नादात गेलं का?

नमस्कार,

तुम्हाला आधी रडू आलं आणि मग रडल्याची लाज वाटली. त्या लाजेपासूनच सुरुवात करते, कारण तिच्यामुळे तुमचं पुढचं सगळं अडून बसलंय.

समोरच्याला आपलंसं करून घेणं हेच ज्याचं आयुष्यभराचं काम, तो माणूस चांगल्या उजेडात खुर्चीवर बसून बोलला आणि तुम्ही त्याच्याकडे ओढले गेलात. यात लाजण्यासारखं काही नाही. मॅकमहनने १९८२ मध्ये वडिलांकडून कुस्तीची कंपनी विकत घेतली. तेव्हा अमेरिकेत प्रत्येक भागाचा आपापला आयोजक असे आणि कोणी दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकत नसे. याने तो रिवाज मोडला, टीव्हीच्या जोरावर देशभर हातपाय पसरले आणि ३१ मार्च १९८५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला रेसलमेनिया भरवला. १९८९ मध्ये त्याच्याच कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की हा खेळ नाही, ही करमणूक आहे आणि निकाल आधी ठरलेले असतात. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर डोक्यावरून उतरावा म्हणून हे सांगितलं. आपल्याकडे अशा जोडीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द आपण शिवीसारखा वापरतो. मॅकमहनने नुरा कुस्तीचाच अब्जावधी डॉलरचा धंदा उभा केला. मी हे हिणवून लिहीत नाही. त्या रिंगणात अंग खरंच आपटतं, गुडघे खरेच निकामी होतात, ठरलेला असतो तो फक्त निकाल. इतकं कसब पणाला लावून कोणी गोष्ट सांगत असेल, तर दहा-बारा वर्षांचा मुलगा तिच्यात रमणारच. तुमचं लहानपण खोटं नव्हतं. आदल्या रात्रीच्या सामन्याबद्दल वर्गात तुम्ही जे तावातावाने भांडलात, ते भांडण तुमचं होतं. त्यावर मॅकमहनची मालकी नाही.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही न तपासता धरून चालला आहात. मुलाखत इतकी लांब होती, तो स्वतःच्या आईवडिलांबद्दल बोलला, म्हणजे त्याने स्वतःला उघडं केलं, असं तुम्ही मानता. मला ते पटत नाही. मालिकेची सुरुवात आठवा. खऱ्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात पण सांगणार नाही, थोडंफार रंजक असेल तेवढं देईन, अशा अर्थाचं तो तिथेच बोलून मोकळा होतो. या धंद्यात ‘केफेब’ असा एक शब्द आहे. ठरलेलं नाटक बाहेरच्या जगात, हॉटेलात, विमानात, पत्रकारांसमोरसुद्धा न मोडता चालू ठेवायचं, याला ते लोक केफेब म्हणतात. चाळीस वर्षं केफेब पाळलेला माणूस माहितीपटाच्या कॅमेऱ्यासमोर बसला म्हणून ते उतरवून ठेवेल, ही आशा आपली. त्याने तसं वचन दिलेलं नव्हतं.

आता तारखांकडे बघा, कारण अशा मुलाखतींत तारखांवरून फार काही कळतं. जून २०२२ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की एका माजी महिला कर्मचाऱ्याला ३० लाख डॉलर देण्याच्या मॅकमहनच्या कराराची चौकशी कंपनीचं संचालक मंडळ करत आहे. पुढच्याच महिन्यात त्याच वर्तमानपत्राने लिहिलं की १६ वर्षांत चार स्त्रियांना मिळून १ कोटी २० लाख डॉलरहून जास्त रक्कम गप्प राहण्यासाठी देण्याचं कबूल केलं गेलं. मॅकमहन निवृत्त झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये परतलाही. २५ जानेवारी २०२४ ला त्या माजी कर्मचारी स्त्रीने लैंगिक अत्याचार आणि मानवी तस्करीचे आरोप करून दावा लावला. दुसऱ्याच दिवशी त्याने राजीनामा दिला. आरोप त्याने नाकारले आहेत आणि कोणत्याही न्यायालयाने त्याला त्यात दोषी ठरवलेलं नाही, हेही इथेच नोंदवते. १९९४ मध्ये स्टेरॉइड पुरवल्याच्या खटल्यात ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं होतं, तेही खरं आहे.

मॅकमहनच्या मुलाखती हा दावा दाखल होण्याआधी झाल्या. नंतर दिग्दर्शक ख्रिस स्मिथला त्याच्याबरोबर आणखी एकदा बसायचं होतं. ती बैठक मॅकमहनने रद्द केली. म्हणजे ज्या बोलण्याने तुमचे डोळे भरून आले, ते सगळं सर्वांत अवघड प्रश्न विचारला जाण्याच्या आधीचं आहे. जोड कोणाशी लावायची हे त्याने ठरवलं, आणि खरा मल्ल मैदानात उतरायच्या आत तो लंगोट सोडून घरी गेला.

म्हणून त्याचं बालपण खोटं ठरतं का? नाही. बारा वर्षांचा होईपर्यंत वडिलांचं तोंड न पाहिलेला, सावत्र बापाचा मार खाल्लेला, फिरत्या घरांच्या वस्तीत वाढलेला मुलगा खरा आहे आणि तुमची कणव त्या मुलासाठी होती. ती परत घेऊ नका. फक्त ती कुठवर पुरते ते बघा. सोसलेल्या माराने त्या मुलाचं दुःख समजतं. पुढे सत्तरी ओलांडलेल्या मालकाने पगारी नोकरीतल्या बाईशी काय केलं किंवा केलं नाही, याचा हिशेब तिथून निघत नाही. हे दोन्ही एकाच मनात ठेवता येतं. मला ते जमायला फार वेळ लागला.

खूप वर्षांपूर्वी एका मासिकासाठी मी एका नाट्यनिर्मात्याची मुलाखत घेतली होती. दोन दुपारी त्यांच्या घरी गेले. दौऱ्याच्या गाड्या, विदर्भातले प्रयोग, पावसात छप्पर गळत असताना झालेला तिसरा अंक, असं काय काय त्यांनी सांगितलं. निघताना स्वतः फाटकापर्यंत सोडायला आले. मी भारावून चार पानं लिहिली. अंक निघाल्यावर एका अभिनेत्रीचा फोन आला. तिने आरोप केला नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, “छान लिहिलंत. दौऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर कोण बसायचं ते मात्र तुम्ही विचारलं नाहीत.” आणि फोन ठेवला. मी नंतर तिला भेटायचा प्रयत्न केला, ती भेटली नाही. तिचं नाव मी कधी लिहिणार नाही. पण तेव्हापासून कोणाचीही मुलाखत वाचताना, बघताना, मी आधी हे शोधते की या खोलीत कोण नाही.

मॅकमहनच्या मालिकेत कोण नाही? गप्प राहण्याच्या करारावर जिने सही केली ती नाही. आणि हे आता नुसत्या बातमीपुरतंही उरलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने मॅकमहनबरोबर तडजोड केली. २०१९ आणि २०२२ मध्ये त्याने दोन करार केले होते, पहिला ७५ लाखांचा आणि दुसरा ३० लाख डॉलरचा, आणि ते स्वतःच्या कंपनीच्या मंडळाला, वकिलांना, हिशेब तपासनिसांना सांगितले नव्हते, असं नियामकाचं म्हणणं. त्याने ते कबूलही केलं नाही आणि नाकारलंही नाही. ४ लाख डॉलर दंड भरला आणि कंपनीला १३ लाखांहून जास्त डॉलर परत दिले. विचार करा, एका बाजूला तासन्‌तास बोलणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला न बोलण्यासाठी मोजलेले एक कोटी पाच लाख डॉलर. तुम्ही फक्त पहिली बाजू ऐकलीत आणि तुमच्या मनाने त्यावरून माणूस जोखला. मालिकेने दुसऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्याला उलट सवाल केले, ते प्रामाणिक काम आहे असं मला वाटतं. तरीही सहा भागांत ज्याचा चेहरा सर्वांत जास्त वेळ दिसतो, त्याच्याच बाजूला आपलं मन झुकतं.

मला वाटतं तुमच्या पत्नीला शेवटच्या भागात हेच दिसलं असावं. किंवा वेगळंच काही. मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही माहीत नाही. तुमच्या पाच पानी पत्रात हल्क होगन आहे, अंडरटेकर आहे, पत्त्यांवरची छातीची मापं आहेत, शाळेतला तुमचा मित्र आहे. पत्नीबद्दल चार ओळी आहेत आणि त्यातल्या दोन ओळींत ती ‘ओव्हररिअॅक्ट’ झाली असं तुम्ही लिहिलंय. पत्नी खाजगी कंपनीत नोकरी करतात, हेही तुम्ही पत्राच्या शेवटी, पत्त्याच्या वर, सहज लिहिलंय.

मी काही सुचवू पाहत नाही. त्यांच्यावर काही गुदरलं असेलच असं नाही. पण नोकरी करणारी क्वचितच एखादी बाई अशी असेल जिने वरिष्ठाच्या विनोदावर नाइलाजाने हसून दाखवलं नाही, किंवा एखाद्या सहकारी मुलीने अचानक राजीनामा का दिला हे माहीत असून ती गप्प बसली नाही. आपल्याकडे २०१३ पासून कायदा आहे, दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, भिंतीवर तिचा फलकही असतो. तरीही तक्रार करावी की न करावी याचा विचार बाया कुठे करतात, तर लोकलमध्ये, स्वयंपाकघरात, रात्री दिवा मालवल्यावर. अशा बाईच्या शेजारी बसून नवरा ‘त्या माणसाची दुसरी बाजू’ समजून घेत असतो, तेव्हा ती मनात एक नोंद करते: उद्या माझ्यावर वेळ आली तर हा आधी कोणाचं ऐकेल? “तुला तो अजूनही आवडतो” हे वाक्य मॅकमहनबद्दल होतं असं तुम्ही समजलात. मला ते तुमच्याबद्दलचं वाटतं. चुकत असेन तर त्याच सांगतील.

आता मुलाचा प्रश्न. मला तो संपूर्ण पत्रातला सर्वांत हुशार प्रश्न वाटला, कारण मालिका येण्याच्या दोनच दिवस आधी मॅकमहनने जाहीर केलेल्या निवेदनात हीच तक्रार होती: यांनी माझं पात्र आणि मी यांची गल्लत केली आहे.

त्या पात्राचा जन्म तुम्हाला आठवत असेल. ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. विजेता ब्रेट हार्ट प्रतिस्पर्धी कंपनीत चालला होता आणि स्वतःच्या देशात, कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरायला तयार नव्हता. मॅकमहनने त्याला एक शेवट कबूल केला आणि रिंगणाशी उभं राहून दुसराच घडवला: हार्टने हार मानलेली नसताना घंटा वाजवायला लावली. नुरा कुस्तीतसुद्धा शब्द पाळायचा असतो, तो मोडला. योगायोग असा की त्याच काळात पॉल जे हा कॅनडाचा दिग्दर्शक हार्टवर माहितीपट करत होता. हार्टच्या अंगावर मायक्रोफोन होता आणि मालकाने दिलेलं वचन त्यात आलं. प्रेक्षक मॅकमहनवर चिडले आणि त्याने तोच राग विकायला काढला. दुष्ट मालक ‘मिस्टर मॅकमहन’ तिथून उभा राहिला. म्हणजे पात्र आधी आणि माणूस नंतर, असं झालेलं नाही. खऱ्या मालकाने खरी फसवणूक केली, मग तिचं पात्र केलं, आणि आता ते पात्र पुढे करून तो म्हणतो की मी वेगळा. ही तक्रार मला अर्धीच पटते.

अकरा वर्षांच्या मुलाला यातलं बरंच सांगता येतं. “रिंगणातला व्हिलन नाटकातला होता. पण तो खरा मालकही होता, आणि काही माणसांनी, विशेषतः त्याच्याकडे नोकरी केलेल्या बायकांनी, सांगितलंय की तो खऱ्या आयुष्यात त्यांच्याशी वाईट वागला. तो नाही म्हणतो. कोर्टात जे ठरेल ते ठरेल, पण त्या काय म्हणतात ते आपण नीट ऐकायचं.” एवढं पुरे. दाव्यातला तपशील त्याला नको, आणि ती मालिका मोठ्यांसाठी आहे, तेव्हा पुढच्या वेळी दार लोटून घ्या. त्याने आणखी विचारलं तर ब्रेटचा धाकटा भाऊ, पैलवान ओवेन हार्टचं सांगा. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत छतावरून दोरीने रिंगणात उतरवताना तो खाली पडला आणि गेला. आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. मुलांना न्यायअन्याय चटकन कळतो. तुमचा मुलगा विचारेल, “थांबवला का नाही?” तेव्हा घाईने उत्तर देऊ नका. त्यालाच विचारा, तू मालक असतास तर काय केलं असतंस.

सामने बंद करावेत असं मला वाटत नाही. मॅकमहन आता त्या कंपनीत नाही. आणि जे रिंगणात उतरतात त्यांच्याकडे बघा: कंपनी त्यांना नोकर मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते, आणि त्यांची कामगार संघटना नाही. तुमच्या मुलाला ज्यांचा घाम आवडतो, ती माणसंही त्याच व्यवस्थेखाली आहेत. त्यांचं बघणं सोडून त्यांना काही मिळत नाही. त्यापेक्षा बघताना बोला. हा कसा पडला, त्याला कोणी सावरून धरलं, लागू नये म्हणून दोघं एकमेकांची किती काळजी घेतात, हे दाखवा. गादीवर तसले डाव करायचे नाहीत हा नियम कडक ठेवा. आणि कधी त्याला गावातल्या तालमीत घेऊन जा. लाल मातीत निकाल न ठरवता लढणारी त्याच्याच वयाची पोरं त्याला दिसू देत. मग त्याला कोणतं आवडतं ते तो ठरवेल. दोन्ही आवडली तरी हरकत नाही.

अशी पत्रं मला आणखीही येतात. कोणाचा आवडता गायक, कोणाचा लहानपणापासूनचा दिग्दर्शक, कोणाचा रिअॅलिटी शोवाला. त्या सर्वांसाठी मी स्वतः काय करते ते सांगते. वादग्रस्त माणसाची मुलाखत बघायला बसले की ती कधी चित्रित झाली आणि आरोप कधी बाहेर आले, हे आधी शोधते. मुलाखतीचे पैसे दिले गेले का, अंतिम संकलनावर त्या माणसाचा हात होता का, हे कळत असेल तर बघते. ज्या प्रश्नावर तो हसतो किंवा विनोद करतो, तिथे थांबवते आणि प्रश्न काय होता ते पुन्हा ऐकते, कारण विनोदावर हसताना बहुतेक वेळा आपण प्रश्न विसरलेलो असतो. आणि संपल्यावर लगेच मत देत नाही. ज्यांच्याबद्दल तो बोलला त्यांचं म्हणणं कुठे छापून आलं असेल तर दुसऱ्या दिवशी ते वाचते. कलाकृती ठेवायची की टाकायची, हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं. मी काही टाकली आहेत, काही अजून जपून ठेवली आहेत, आणि त्यांचा एकच नियम मला करता आलेला नाही.

तुमचे पत्ते मात्र टाकू नका. मुलाला द्या, तो त्यांच्याशी खेळू दे.

आणि पत्नीशी बोला. या आठवड्यात, मुलगा झोपल्यावर, टीव्ही बंद असताना. “तू त्या दिवशी का उठलीस ते मी विचारलंच नाही,” असं म्हणा. त्या म्हणतील, जाऊ दे, आता काय. तरी बसून राहा. त्या बोलायला लागल्या की मध्ये मॅकमहनचं बालपण आणू नका, कोर्टाने अजून ठरवलेलं नाही हे आणू नका, मी काय लिहिलं तेही सांगू नका. उठून जाण्याआधी त्यांच्या मनात काय आलं होतं, तेवढंच विचारा, आणि उत्तर लांब असेल तर चहा ठेवायला तुम्ही उठा.